एकेचाळीस नग

भज्यांबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती कागदाबद्दल. चंद्रपूरच्या बसस्टँडबाहेर नीलाबाईच्या गाड्यावर मी कांदाभजी घेतली, माजरीच्या एसटीला अजून वीस मिनिटं होती, आणि चौथं भजं उचललं तर त्याच्याखाली माझं अक्षर निघालं. स्वतःचं अक्षर असं भलत्याच ठिकाणी भेटलं की माणूस आधी ते दुसऱ्या कोणाचं तरी असेल असं धरून चालतो. मीही तसंच धरलं आणि पाचवं भजं खाल्लं. मग तेल पसरत गेलं तसा कार्बनचा निळा रंग वर येत गेला आणि रकाने दिसू लागले : अनुक्रमांक, नगाचे वर्णन, भाषा, देश, शेरा. वर 'जप्त साहित्याची यादी, पान तीन'. खाली कोपऱ्यात माझी सही, तिच्यावर कांद्याचा एक तुकडा. जुने कागद मुदतीनंतर जाळून नष्ट करावेत असा नियम आहे, पण जाळायला रॉकेल मंजूर होत नाही, म्हणून ते रद्दीत जातात आणि पुढचं काम जनता खाऊन करते. हे मला ठाऊक होतं. फक्त ते आपल्याच हातात येईल असं वाटलं नव्हतं.

"बाबू, जर्मनीत भिंत पडली म्हन्ते," नीलाबाई झारा आपटत म्हणाली. तिच्या ट्रान्झिस्टरवर महिनाभर तीच बातमी चालू होती. "किती दबले?"

"कोणीच नाही दबलं, बाई. लोकांनी आपणच पाडली."

"कोनी दबलं नाई तं रेडिओवर काऊन येऊन राह्यली?" तिनं शहराच्या परकोटाच्या भिंतीकडे झाऱ्यानं खूण केली. "ही आमची दरसाली पडते. दोन बकऱ्या दबल्या गेल्या सालाले. कोनी इचारलं काय?"

मी नाही म्हणालो. हसायला पाहिजे होतं. एरवी मी हसलो असतो, चार लोकांना सांगितलंही असतं. पण माझं बोट एकेचाळीसाव्या ओळीवर होतं. हा कागद वामनकाकांच्या पेटीचा होता. त्या पेटीपायी वामनकाका अकरा महिने तुरुंगात होते, आणि ते सुटल्यापासून जवळजवळ पाच वर्षं मी दर पंधरा दिवसांनी माजरीला घरी जातो तो त्यांचं दार टाळून, कोळशाच्या सायडिंगला वळसा घालून, बुटांत काळी भुकटी घेऊन. आई विचारते, सरळ रस्ता असताना असा काऊन येतोस? मी सांगतो, व्यायाम. एकोणतिसाव्या वर्षी मला एवढा व्यायाम झाला आहे की पायात गोळे आले आहेत. भजी संपली. कागद टाकायला डबा शोधला, डबा नव्हता, म्हणजे होता, पण त्यात कुत्रं झोपलं होतं. मी कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि एसटीत बसलो, आणि मला कळलं की आज सायडिंगकडून जाता येणार नाही. खिशाला तेलाचा डाग पडत होता. छातीवर सरकारी कागद घेऊन माणूस आडवाटेनं किती जाणार?

त्र्याऐंशी सालच्या शेवटी मी चंद्रपुरातून तोडलेल्या, वैनगंगेपलीकडच्या जिल्ह्यात कनिष्ठ लिपिक लागलो तेव्हा जिल्हा नवा होता, इमारत भाड्याची होती आणि टेबलं यायची होती. मला साहित्य तपासणी नावाच्या कक्षात टाकलं. कक्ष म्हणजे जिन्याखालची जागा. जंगलात दादा लोक, म्हणजे नक्षलवादी, आले होते, गोदावरीपलीकडून, तेंदूपत्त्याच्या फडांवर त्यांच्या सभा व्हायच्या, आणि पोलिसांना गावोगावी जो छापील कागद सापडे तो पोत्यात भरून आमच्याकडे येई. मी मराठीचा एम.ए. म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. माझे हेडक्लार्क भैयाजी. त्यांनी आयुष्यात पंचांगाशिवाय काही वाचलं नव्हतं आणि त्यामुळे त्यांची मतं स्वच्छ होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विसाव्या शतकाचं जागतिक राजकारण पान लावता लावता समजावून सांगितलं. "हे पाय श्रावण. कम्युनिस्ट दोन जातीचे. एक रशियाचा, एक चीनचा. रशियानं आपल्याले भिलाईचा कारखाना देला, चीननं बासष्ट साल देलं. रशियाचा कम्युनिस्ट मोर्चा काढते, निवेदन देते, पोच घेते. त्याले फाईल लागते. चीनवाला फाईलच जाळते. तं आपलं काम काय? पुस्तक पाहाचं, देशाच्या रकान्यात रशिया लिहाचं का चीन लिहाचं. रशिया असन तं मानूस घरी. चीन असन तं अंदर. झालं." मी विचारलं, आणि पुस्तकात काय लिहिलंय ते? भैयाजींनी पान तोंडात नीट बसवलं. "ते शेऱ्यात. जागा उरली तं."

मी गंमत म्हणून हे माझ्या खोलीवरच्या सोबत्यांना रोज सांगायचो. गंमत अशी की ते खरं होतं. तीन महिन्यांत मी सदतीस माणसांना रशियाला पाठवलं आणि नऊ जणांना चीनला, त्यातल्या एकाकडे फक्त कोंबडीपालनाची पुस्तिका होती, तिचं कव्हर लाल होतं. तो सुटला, कोंबडीचं चित्र आत होतं म्हणून. संध्याकाळी हात धुताना बोटांना जुन्या कागदाचा वास येई आणि कशाचंच काही वाटत नसे, फक्त थकायला होई, जसं दिवसभर न चालता थकायला होतं तसं. आणि मग फेब्रुवारीच्या एका शुक्रवारी वामनकाकांची पेटी आली. त्या दिवशी दुपारी रेडिओवर रशियाचे सर्वोच्च नेते वारल्याची बातमी आली होती, वर्षा-सव्वावर्षात दुसरे. भैयाजी म्हणाले, "रशियाचे नग आज जपून उचलजो. सुतक हाय." मी हसत हसत पेटीचं झाकण उघडलं आणि झाकणाच्या आत खडूनं लिहिलेलं होतं : वामनराव, लॅम्प रूम, माजरी.

माझं सगळं बालपण त्या झाकणाच्या आत होतं म्हणायला हरकत नाही. माझे वडील देवाजी खाणीत उतरायचे, आणि खाणीत उतरणारा प्रत्येक माणूस आधी वामनकाकांच्या खिडकीशी जायचा. लॅम्प रूमची खिडकी म्हणजे भिंतीतलं वीतभर भोक. आतून दिवा आणि बिल्ला द्यायचा, बाहेरून हात यायचा. माणूस दिसायचा नाही, हात दिसायचा आणि आवाज यायचा, हातही सगळे सारखेच काळे, म्हणून वामनकाका माणसं आवाजावर ओळखायचे. पाळी सुटली की दिवे परत यायचे आणि ते मोजायचे. एक दिवा कमी भरला तर भोंगा वाजायच्या आधी वामनकाका नाव सांगायचे. लच्छू वर आला नाही तेव्हाही त्यांनीच सांगितलं होतं. लच्छू करीमनगरकडचा तेलुगू माणूस, छत कोसळून गेला. मी तेव्हा शाळेत जाऊ लागलो होतो, आणि मला आठवतं ते एवढंच की त्या दिवशी आईनं चूल पेटवली नाही.

पण वामनकाका माजरीत प्रसिद्ध होते ते दिव्यांमुळे नाही, चावीमुळे. युनियनच्या ऑफिसची चावी त्यांच्या कंबरेच्या करदोड्याला असायची. चौसष्ट साली कम्युनिस्ट पक्ष फुटला. दिल्लीत फुटला, कलकत्त्यात फुटला, जगात म्हणे सगळीकडेच फुटला, तसा माजरीतही फुटायला हवा होता, पण माजरीत खोली एकच होती. मग असं ठरलं की सकाळी आठ ते बारा एक पक्ष बसेल, चार ते आठ दुसरा. बाक एकच, तो दोघांचा. चहावाला एकच, त्याची कपबशी मात्र वेगवेगळी. भिंतीवर एकच खिळा होता, कारण दुसरा ठोकला की प्लास्टर पडे, म्हणून एका चौकटीत पुढून रशियाचा पुढारी आणि मागून चीनचा पुढारी लावला होता, आणि बारा ते चारच्या मधल्या वेळात ती चौकट उलटी करायची जबाबदारी वामनकाकांची, कारण चावी त्यांच्याकडे. वडील सांगायचे, एकदा वामन झोपला, चौकट फिरवायची राहिली, आणि चार वाजता आलेल्या लोकांनी शत्रूसमोर तासभर सभा केली, कोणाच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं तेव्हा पाच दिवस चहा बंद. दोन्ही बाजूंनी वामनकाकांना विचारलं, तू कोणाचा? ते म्हणाले, मी चावीचा. ही गोष्ट मी कॉलेजात सांगून पुष्कळ हशा मिळवला आहे. वामनकाकांना त्यात हसू येत नसे. ते म्हणायचे, "दोघंबी खरं बोलत होते बावा, सकाई बी अन् सांजचे बी. फक्त मले बाराले कोनी जेवाले घेऊन नाई गेलं." पुढे खोलीच पडली. पुस्तकं वाटून घेताना जी दोन्ही बाजूंना नको होती ती वामनकाकांनी पेटीत भरली, आणि रिटायर झाल्यावर वैनगंगेच्या काठी सासुरवाडीच्या गावात, बुद्धविहाराच्या ओसरीवर, त्या पेटीचं वाचनालय केलं. जाताना रशियाहून येणाऱ्या गुळगुळीत मासिकांचा गठ्ठा आमच्याकडे ठेवून गेले. माझी सहावी ते आठवीची सगळी पुस्तकं त्या कव्हरांत होती. भूगोलावर ट्रॅक्टर होता आणि गणितावर गव्हाच्या शेतात हसणारी बाई. त्या बाईमुळे मी गणितात पास झालो असं माझं मत आहे.

तर ती पेटी. कक्षात मी एकटा होतो, भैयाजी सुतकाच्या निमित्तानं लवकर गेले होते. माझी नोकरी कायम व्हायची होती, चारित्र्य पडताळणीचं माझं स्वतःचं पत्र त्याच टेबलावर पडलं होतं, सही व्हायची राहिली होती. मी पुस्तकं काढत गेलो आणि देशाच्या रकान्यात रशिया लिहीत गेलो. जे चीनचं होतं तेही रशियाला लावलं; कव्हरवर डोंगर होते, डोंगर रशियातही असतात. अडतीस, एकोणचाळीस. मला चक्क बरं वाटत होतं. वामनकाकांना मी एकेक ओळीनं घरी पोचवत होतो. आणि मग पेटीच्या तळाशी, तागाच्या पोत्याच्या तुकड्याखाली, हाताला ते लागलं. छोटं. लाल. प्लॅस्टिकचं कव्हर. खिशात मावेल असं. असं छोटं लाल पुस्तक म्हणजे चीनच्या पुढाऱ्याची वचनं, हे त्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याला डोंगर लावून चालणार नव्हतं. मी ते उघडलं नाही. उघडलं असतं तर मी ते वाचलं असं झालं असतं. दारात कोणी नाही ना पाहिलं आणि ते जेवणाच्या डब्यात, पोळीच्या पुडात घातलं. आयुष्यात केलेली एकमेव क्रांतिकारक गोष्ट. रात्रभर डबा उशाशी होता आणि त्याला लोणच्याचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सुट्टीचा. माजरीला निघालो. वैनगंगेचा पूल आला की लोक खिडकीतून पैसे टाकतात आणि हात जोडतात. मी डबा उघडला आणि ते लाल पुस्तक टाकलं. शेजारच्या म्हातारीनं पाहिलं, तिनं भक्तिभावानं हात जोडले आणि म्हणाली, "पोथी सोडली काय बाबू? बरं केलं. घरी कोनी वाचत नसन तं सोडाच लागते." मी म्हणालो, हो आजी. त्या क्षणी मी किती खूश होतो हे आता सांगायला लाज वाटते. एका माणसाला मी चीनमधून सोडवून आणलं होतं, पासपोर्टाशिवाय.

सोमवारी सकाळी यादीत राहिलं होतं एकच : एकेचाळीसावा नग. पातळ चोपडी, कव्हर फाटलेलं, आत सगळं तेलुगू. एव्हाना तेलुगू म्हणजे गोदावरीपलीकडचं, म्हणजे दादांचं, असा हिशेब वरपर्यंत पक्का झाला होता. मला तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं, सगळी अक्षरं जिलेबीसारखी. तिथेही रशिया लिहून मोकळा झालो असतो. पण चाळीस खोट्या आणि एक चोरी झाल्यावर माझ्या अंगात एकदम प्रामाणिकपणा शिरला. वाटलं, सगळंच रशिया दिसलं तर संशय येईल. एक ओळ खरी हवी. देशाचा रकाना मोकळा सोडला आणि शेऱ्यात लिहिलं : 'भाषा समजली नाही.' त्या यादीतली ती एकमेव खरी ओळ.

दुपारी वामनकाकांना आणलं, पेटी ओळखून सही करायला. हात बांधलेले नव्हते, पण ते बांधल्यासारखे पुढे धरून उभे होते, लॅम्प रूमच्या खिडकीत धरतात तसे. म्हातारे झाले होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. मी मान खाली घालून नाव विचारलं. गाव विचारलं. धंदा विचारला. ज्या माणसानं मला गव्हाच्या शेतातली बाई दिली त्याला मी 'वय?' असं विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं, माझ्याकडे पाहत, म्हणजे माझ्या दिशेनं पाहत, आणि ओळख दिली नाही. मग ते पेटीवर वाकले. एकेक पुस्तक हातानं चाचपलं. तळाचा ताग उचलला. आणि म्हणाले, "येक कमी हाये साहेब. बेचाळीस होते."

 ज्याच्यातून या माणसाला वाचवलं तेच हा परत मागतो! मनात म्हटलं, काय मूर्ख माणूस आहे. भैयाजींनी यादी पुढे केली. आणि मी, शक्य तितक्या सरकारी आवाजात, म्हणालो, "एकेचाळीसच आहेत. यादीप्रमाणे." वामनकाकांनी मान थोडी तिरकी केली. मग म्हणाले, "असतीन. मायीच चूक झाली असन," आणि सही केली.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. चाळीस ओळींवर कोणी बोट ठेवलं नाही; जी एक खरी होती तिच्यावर साहेबांनी लाल पेन्सिलीनं गोल केला. चोपडी सिरोंच्याला तेलुगू मास्तरांकडे गेली. मास्तर मतदार याद्यांच्या कामावर होते. मग निवडणूक आली, ते निवडणुकीच्या कामावर होते. वामनकाका ठाण्यात सांगत राहिले की ते पुस्तक खाणीतलं आहे, मी खाणीतला माणूस आहे. पुरावा काय विचारलं तर गप्प बसले, असं मागाहून कानावर आलं. अकरा महिन्यांनी भाषांतर आलं, शाळेच्या वहीच्या पानांवर, सुंदर अक्षरात. 'कोळसा खाणीतील सुरक्षितता : कामगारांसाठी सूचना.' सरकारनंच छापलेली. सूचना पहिली : 'धोका दिसताच मोठ्याने आवाज द्या. शेजारचा माणूस ओळखीचा आहे की नाही याचा विचार करत थांबू नका.' भैयाजी हसून हसून खोकले, म्हणाले, "लेका, सरकारनं सरकारचंच पुस्तक पकडलं," आणि मीही हसलो. मग जिन्याखाली जाऊन बसलो. संध्याकाळ झाली तरी दिवा लावावासा वाटला नाही. वामनकाका सुटले, डोळे तोवर वाया गेले होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. मुलगी सत्यशीला त्यांना माजरीला घेऊन आली. आणि माझी नोकरी कायम झाली. चारित्र्याबद्दल शेरा होता 'उत्तम'.

माजरीला उतरलो तेव्हा चार वाजून गेले होते. सरळ रस्त्यानं गेलो. तो इतका जवळचा निघाला की तयारीला वेळच मिळाला नाही. सत्यशीला अंगणात जुन्या धोतरावर मुंगवड्या घालत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मधे खिशावरच्या तेलकट डागाशी थांबली. बाजेवर, उन्हाकडे पाठ करून, वामनकाका बसले होते, काळा चष्मा लावून.

"कोन हाये व?" त्यांनी विचारलं.

"कोनी नाई बाबा," सत्यशीला म्हणाली. "सरकार आलं हाये."

"बसाले दे मंग."

मी बाजेच्या कडेला बसलो. काय बोलायचं हे पाच वर्षं पाठ केलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. "काका," मी म्हणालो, "एक कागद आहे. वाचून दाखवू?"

"दाखव ना श्रावण," ते म्हणाले.

दोन वाक्यं. त्यांना खिडकीतून हातही दिसला नव्हता. मी कागद काढला, घडी चिकटली होती ती सोडवली आणि वाचू लागलो, कारण वाचणं हे बोलण्यापेक्षा सोपं असतं. अनुक्रमांक एकोणतीस, जाड पुस्तक, निळं, मराठी, रशिया. "ते उंदरानं खाल्लं होतं, अर्धं," वामनकाका म्हणाले. तीस, मासिकं, बांधलेली, हिंदी, रशिया. "त्यातले चित्रं पोट्ट्याइनं कापले." एकतीस, पातळ, डोंगराचं चित्र, रशिया. "ते चीनचं होतं बे," ते म्हणाले आणि गालात हसले. "तू समद्याइले येकाच देशात टाकून देलं. आमाले वीस वर्सांत नाई जमलं ते." सत्यशीलाचा हात वड्या घालता घालता थांबत होता, परत चालू होत होता. भजीच्या तेलानं काही ओळी अगदी ठळक झाल्या होत्या आणि काही नाहीशा झाल्या होत्या. मी एकेचाळीसावर आलो. तेलुगू. देश, कोरा. मग मला माझाच शेरा मोठ्यानं वाचावा लागला.

"भाषा समजली नाही."

"लच्छूची चोपडी," ते म्हणाले. "दिव्यासंग त्याच्या खिशातून निंगाली. मले वाचून दाखवे तो, खिडकीशी. पैलं कलम मले पाठ हाये." त्यांनी ते म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती, मलाही पाठ होतं. "अन् बेचाळीसावं?"

मी सांगितलं. डबा, पोळी, पूल, हात जोडणारी म्हातारी, सगळं. सांगताना मला अजून आशा होती, हे कबूल करतो. वाटत होतं की एका पारड्यात ती एकेचाळीसावी ओळ आहे, तर दुसऱ्यात निदान हे तरी पडेल. "काका, ते लाल पुस्तक सापडलं असतं तर तुम्ही दहा वर्षं सुटला नसता. म्हणून मी –"

"उघडून पाह्यलं होतं?"

"नाही."

"काऊन?"

"भेव लागलं."

 सायडिंगवर मालगाडीची एक वाघीण दुसरीवर आदळली. "ते मायं खाणीचं हजेरी बुक होतं रे बावा," वामनकाका म्हणाले. "मालकाच्या वक्ताचं. फोटो लावलेलं, सिक्का मारलेलं. मालक गेला, त्याचे रजिस्टरं गेले, तेवढं येकच राह्यलं होतं, का हा मानूस खाणीत होता. ते दाखवलं असतं तं तेलुगू चोपडी कुठून आली हे येका दिवसात समजलं असतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. दिवे मोजताना असायचा तसा आवाज. "पानी नाई लागाले पायजे म्हनून लाल पलास्टिक चढवलं होतं."

"मग तुम्ही सांगितलं काऊन नाही? ठाण्यात? तेव्हा ऑफिसात?"

"बोललो होतो ना. येक कमी हाये म्हनलो. मंग तू म्हनलास, एकेचाळीसच हायेत." त्यांनी मान तशीच तिरकी केली, तेव्हा ऑफिसात केली होती तशी. "मी आवाज वळखला. म्हनलं, हा देवाजीचा पोरगा. शिकलेला. यानं मायं बुक बाजूले ठेवलं असन तं काई इचार करून ठेवलं असन. आपुन मधात बोलाचं नाई. पुरावा मांगे ते, मी चूप. वाट पाह्यली मंग. चार-पाच महिने तं रोजच वाटे, आज पोरगा बुक घेऊन येते."

सत्यशीलानं डाळीचा हात पदराला पुसला आणि ती आत निघून गेली. आत भांडं आपटल्याचा आवाज आला. माझ्याजवळ या जागी टाकायला एक विनोद होता, नेहमी असतो, तो जिभेवर आला आणि तिथेच बसून राहिला. खूप थकल्यासारखं झालं. वाटलं, इथेच बाजेच्या दुसऱ्या टोकाला आडवं व्हावं.

"पेन हाये?" वामनकाका म्हणाले.

"आहे."

"लिही मंग. बेचाळीस. यादी अर्धी ठेवू नाही. नग : हजेरी बुक, लाल, येक." मी कागद मांडीवर घेऊन एकेचाळीसच्या खालच्या मोकळ्या जागेत लिहू लागलो. "भाषा : मराठी, विंग्रजी. बरोबर लिहून राह्यला ना?"

"हो. देश?"

"माजरी," ते म्हणाले.

मी लिहिलं. कागद तेल प्यालेला होता, पेन नुसतं घसरत होतं, अक्षर बसत नव्हतं. दोनदा गिरवलं.

"उमटत नाही, काका."

"दाबून लिही," ते म्हणाले.